रस्ता वर, गाळ खाली

जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मंचरहून भीमाशंकरची एसटी पकडा आणि घोडेगाव मागे पडलं की मोबाइल खिशात ठेवून खिडकीबाहेर बघत राहा. डिंभे धरणाच्या पुढे घाट चढायला लागला की दर दोन वळणांनी एक ओढा रस्त्याखालून जातो. काही ओढ्यांचं पाणी भर पावसातही जवळजवळ नितळ दिसतं, तर काहींचं दूध जास्त झालेल्या चहासारखं. पाऊस दोन्हीकडे तोच आणि डोंगरही तोच. फरक शोधायला नजर वर न्यायची. नितळ ओढ्याच्या वर बहुतेक वेळा सलग जंगल असतं. चहाच्या रंगाच्या ओढ्यावर कुठेतरी ताजी उकरलेली माती असते: नवं शेत, मुरमाची खाण, नाहीतर रस्ता.

यातल्या रस्त्याबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो. खाण दिसली की फोटो निघतात, झाडं तुटली की निवेदनं जातात. रस्ता मात्र विकासाच्या खात्यात जमा असतो, त्यामुळे तो ओढ्याचं काय करतो हे विचारायचं राहूनच जातं.

या विषयाला सध्या निमित्त मिळालंय ते सातासमुद्रापार. २३ जून २०२५ ला अमेरिकेच्या कृषिमंत्री ब्रूक रोलिन्स यांनी तिथला 'रोडलेस रूल' रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. २००१ च्या या नियमामुळे तिथल्या राष्ट्रीय वनांतल्या सुमारे ५ कोटी ८५ लाख एकरांवर नवे रस्ते काढायला बंदी होती. इतका कडक नियम करावा लागला, कारण तिथल्या वनखात्याच्या ताब्यात आधीच सुमारे सहा लाख किलोमीटरचे रस्ते आहेत. पृथ्वीला पंधरा फेऱ्या होतील इतके. त्यातले बरेचसे लाकूडतोडीसाठी काढलेले. लाकूड संपलं, ट्रक गेले, रस्ते राहिले, आणि त्यांच्या देखभालीला पैसा नाही. म्हणून तिथे गेली चार-पाच दशकं एक वेगळंच काम चालू आहे: जुने रस्ते मोडण्याचं. तेही कशासाठी, तर सामन आणि ट्राउट या माशांचे ओढे वाचवायला.

आपल्याकडे एखादा वाडीचा रस्ता व्हायला दोन निवडणुका जातात आणि हे लोक झालेला रस्ता मोडतात, हे ऐकून हसू येईल. पण त्यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे, कारण ते आपल्या डोंगरालाही लागू पडतं.

डोंगरउतारावर पाऊस पडतो तेव्हा जंगलात त्यातलं बरंचसं पाणी जमिनीत मुरतं आणि मातीच्या आतून हळूहळू खाली सरकत ओढ्याला मिळतं. रस्ता काढताना उताराच्या वरच्या बाजूला डोंगर कापला जातो आणि निघालेली माती खालच्या बाजूला भराव म्हणून ढकलली जाते. झालं, इथेच दोन गोष्टी बिघडतात. कापलेल्या भिंतीतून आतलं पाणी बाहेर झिरपायला लागतं आणि रस्त्याच्या गटारातून पळतं. जे पाणी शंभर ठिकाणांहून सावकाश येत होतं, ते आता एकाच मोरीतून धो-धो येतं. मोरी पालापाचोळ्यानं आणि दगडांनी तुंबली की पाणी रस्त्यावरून उडी मारतं आणि खालचा भराव घेऊन जातं. हा भराव म्हणजे न दाबलेली, मुळं नसलेली सुटी माती. ती एका रात्रीत ओढ्यात उतरू शकते. रस्ता वापरात असो वा नसो, त्यानं काही फरक पडत नाही. उलट बंद पडलेला रस्ता जास्त धोक्याचा, कारण त्याची मोरी साफ करायला कोणी येत नाही.

१९९५-९६ च्या हिवाळ्यात आयडाहो राज्यातल्या क्लिअरवॉटर जंगलात अतिवृष्टीनं शेकडो दरडी कोसळल्या. मोजदाद झाली तेव्हा निम्म्याहून अधिक दरडींचा संबंध रस्त्यांशी निघाला. त्यानंतर वनखात्यानं आणि तिथल्या नेझ पर्स आदिवासींनी मिळून रस्ते मोडायला घेतले. कॅलिफोर्नियातल्या रेडवुड राष्ट्रीय उद्यानात हे काम त्याआधीच, १९७८ पासून सुरू होतं. सुरुवातीला माणसं लावून छोटे बांध, फांद्यांचे अडसर वगैरे प्रकार झाले, पण ते पुरले नाहीत. मग ज्या यंत्रांनी रस्ता काढला तीच यंत्रं उलटी चालवली. भराव उचलून परत कापलेल्या भिंतीला लावायचा, ओढ्यातले पाइप काढायचे, ओढ्याचं मूळ पात्र उकरून मोकळं करायचं, दाबली गेलेली जमीन भुसभुशीत करायची. जानेवारी १९९७ मध्ये मोठं वादळ आलं आणि या कामाची परीक्षा झाली. मोडलेल्या रस्त्यांवरून आलेला गाळ न मोडलेल्या रस्त्यांच्या साधारण चौथा हिस्सा भरला. मात्र ओढ्यालगतच्या अगदी तीव्र उतारांवर मोडलेले रस्तेही काही ठिकाणी घसरलेच. म्हणजे काही उतार असे असतात की तिथे एकदा रस्ता काढला की नंतर मोडूनही पुरतं निस्तरता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सामन आपल्याकडे नाही. मग आपल्या ओढ्यात आहे काय?

विल्यम सायक्स नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी एकोणिसाव्या शतकात दख्खनमध्ये पाहणी करत फिरला. १८३९ मध्ये त्यानं इथल्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली आणि बऱ्याच माशांना लोकांच्या तोंडचीच मराठी नावं दिली. त्यामुळे आजही जगभरातल्या मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत महसीरचं नाव 'टॉर खुद्री' आहे, आणखी एकाचं 'कोलस' आहे आणि खडकाला चिकटून राहणाऱ्या एका बोटभर माशाचं नाव 'गारा मुल्या'. हा मुल्या बघण्यासारखा प्राणी आहे. त्याचं तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला, हनुवटीपाशी चिकटायला चकतीसारखा भाग. वेगानं वाहणाऱ्या पाण्यात दगड धरून बसायचं आणि त्यावरचं शेवाळ खरवडून खायचं, हा त्याचा धंदा. दगडावर गाळाचा थर बसला की शेवाळ मेलं आणि मुल्याचं ताट रिकामं. ज्या माशांची अंडी खडी-गोट्यांच्या फटीत असतात, त्यांची अंडी गाळाखाली गुदमरतात. अमेरिकेतल्या सामनचं दुखणं तंतोतंत हेच आहे.

दुसरं दुखणं चढणीचं. पहिल्या पावसात ओढ्यांना पाणी आलं की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. चढणीचे मासे म्हटल्यावर जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातल्या कोणत्याही घरात आजी-आजोबांचा चेहरा खुलेल. पण रस्त्याखाली सिमेंटचा गोल पाइप टाकला आणि त्याचं खालचं तोंड ओढ्याच्या तळापासून हात-दीड हात उंच राहिलं, की तो छोटा धबधबाच झाला. बोटभर मासा तिथून वर जाणार कसा? वॉशिंग्टन राज्यात याच पाइपांवरून २१ आदिवासी जमाती न्यायालयात गेल्या. १८५०च्या दशकातल्या करारांनी आम्हाला मासेमारीचा हक्क दिलाय, मग मासेच वर येऊ न देणाऱ्या मोऱ्या बांधून तुम्ही तो हक्क मोडताय, असं त्यांचं म्हणणं. २०१३ मध्ये न्यायालयानं राज्याला शेकडो मोऱ्या बदलायचा आदेश दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मतं चार विरुद्ध चार अशी पडल्यानं तो कायम राहिला. एका मोरीची उंची हा हक्काचा प्रश्न असू शकतो, हे मला त्या खटल्यातलं सगळ्यात मोठं शिक्षण वाटतं.

आता आपल्या डोंगरात परत येऊ. कुकडी जुन्नरच्या पश्चिमेला पूरच्या कुकडेश्वरापाशी उगम पावते, घोड आंबेगावात आहुप्याच्या बाजूला, मीना या दोघींच्या मधे. भीमाशंकरच्या कड्यालगत वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. या पाण्यावर माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे आणि येडगाव अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणं उभी आहेत. एकट्या डिंभ्याचा उपयुक्त साठा साडेबारा टीएमसीच्या आसपास. ज्या आंबेगावच्या नावानं तालुका ओळखला जातो ते मूळ गाव याच जलाशयाखाली गेलं. धरणात जमिनी गेलेल्या आदिवासींनी पुढे याच पाण्यात मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. वरच्या ओढ्यातून येणारा गाळ शेवटी यांच्या जाळ्याखाली आणि श्रीगोंदा-करमाळ्यापर्यंतच्या उसाच्या पाण्याखाली साचतो. म्हणजे मुल्याचा प्रश्न फक्त मुल्याचा नाही.

'जुना जंगल रस्ता' म्हणावा अशी आपल्याकडची सगळ्यात बोलकी गोष्ट शेजारच्या खेड तालुक्यातली आहे. भीमाशंकर अभयारण्याच्या कडेला डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पवनऊर्जा म्हणजे स्वच्छ ऊर्जा, त्यात वाईट काय? पण पवनचक्कीचं एकेक पातं डोंगरावर न्यायला ट्रेलर लागतो आणि ट्रेलरला रुंद रस्ता लागतो. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीनं २०११ च्या आपल्या अहवालात या प्रकल्पाची दखल घेतली. तीव्र उतारावर निकृष्ट दर्जाचे रुंद रस्ते कापल्यामुळे जंगल गेलं, मोठ्या प्रमाणात धूप झाली, दरडी कोसळल्या आणि तो राडारोडा सुपीक शेतात आणि कृष्णेच्या उपनद्यांवरच्या जलाशयांत जाऊन पडतोय, असं समितीनं नोंदवलं. स्थानिकांचे वनहक्क डावलले गेल्याचंही अहवालात आहे. अहवालाचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. त्यावरून भांडणं झाली, दुसरी समिती आली, आणि पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची सहावी मसुदा अधिसूचना ३१ जुलै २०२४ ला निघाली. त्यात महाराष्ट्रातले १७ हजार ३४० चौरस किलोमीटर आहेत. अंतिम अधिसूचना हे लिहीपर्यंत निघालेली नाही.

पण या रस्त्यांबद्दल एक प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. पवनचक्कीचं आयुष्य साधारण २० ते २५ वर्षं. म्हणजे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सह्याद्रीतल्या अनेक पवनचक्क्या म्हाताऱ्या होतील. काही ठिकाणी नव्या बसतील, काही ठिकाणी उतरवल्या जातील. यंत्र भंगारात विकता येतं, रस्ता येत नाही. तो तसाच राहिला तर अमेरिकेनं जे सहा लाख किलोमीटर करून ठेवलं त्याची आपली छोटी आवृत्ती तयार होईल. वनजमीन देतानाच 'काम संपल्यावर रस्ता मोडून उतार आणि ओढे पूर्ववत करायचे, आणि त्याचे पैसे आधीच जमा करायचे' अशी अट घालता येते. खाणींना काम बंद करताना जमीन सावरण्याचा आराखडा आणि त्याची आर्थिक हमी आधीच द्यावी लागते. डोंगरावरच्या रस्त्यांना तशी अट का नको?

हे सगळं लिहिताना माळीण डोळ्यांसमोरून हलत नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं हे गाव दरडीखाली गेलं. १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला बातमी कळली ती एका एसटी चालकामुळे, ज्याला नेहमीच्या ठिकाणी गावच दिसलं नाही. माळीणला रस्ता कारणीभूत होता असं नाही, ते स्पष्ट सांगायला हवं. तिथे चर्चा झाली ती अतिवृष्टीची आणि वरच्या उतारावर शेतीसाठी झालेल्या सपाटीकरणाची. त्यात पडकईला दोष द्यायचा की यंत्राला, हा वाद रंगला. पडकई म्हणजे या भागातल्या महादेव कोळी समाजाची एकमेकांच्या श्रमानं, दगडी बांध घालून भातखाचरं तयार करण्याची जुनी रीत. हातानं वर्षाला थोडीथोडी होणारी खाचरं आणि जेसीबीनं आठवड्यात उघडा पडलेला उतार यांना एकाच नावानं ओळखणं मला तरी पटत नाही. पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. आमडे इथे नवं माळीण उभं राहिलं, २ एप्रिल २०१७ ला त्याचं लोकार्पण झालं, आणि त्याच जूनमधल्या पहिल्या जोरदार पावसात नव्या गावातले रस्ते खचले, भिंतींना तडे गेले. दरडीतून वाचलेल्या माणसांना पुन्हा धडकी भरली. भराव आणि पाण्याचा निचरा ही जोडी नीट जमली नाही की काय होतं, ते सांगायला आयडाहोला जायची गरज नाही. माळीणनंतर बरोबर दहा वर्षांनी, त्याच ३० जुलैला, वायनाडमध्ये डोंगर खाली आला. सहावा मसुदा निघाला तो त्याच्या दुसऱ्या दिवशी.

मग आपणही रस्ते मोडायचे का?

इथे अमेरिकेचं उदाहरण थांबवावं लागतं. रेडवुडच्या रस्त्यांवर लाकडाचे ओंडके जात होते, ते थांबले. आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या रस्त्यांवर माणसं जातात. बाळंतपणाची वेळ आली की झोळी करून बाईला डांबरीपर्यंत आणावं लागणं काय असतं, हे इथल्या वाड्यांना विचारा. हिरडा हे या भागाचं हक्काचं रोख पीक, तो व्यापाऱ्यानं येऊन उचलायचा की आपण घोडेगाव-जुन्नरला नेऊन भाव करायचा, हेही रस्त्यावर ठरतं. घोडेगावच्या कॉलेजला येणारी मुलगी पावसाळ्यात किती दिवस गैरहजर राहते, तेही. अशा ठिकाणी शहरात बसून 'ओढ्यासाठी रस्ता नको' म्हणणं हा उद्धटपणा झाला. आणि रस्ते येणारच आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यात देशभरात ६२ हजार ५०० किलोमीटर रस्ते आणि २५ हजार वस्त्या जोडण्याचं ठरलंय. डोंगरातल्या वाड्या त्यात असणार, आणि असायला हव्यात.

म्हणून माझ्या मते आपल्याकडे प्रश्न दोन गठ्ठ्यांत मांडायला हवा. एका गठ्ठ्यात माणसांचे रस्ते. दुसऱ्यात कामापुरते काढलेले आणि काम संपल्यावर उरलेले: बंद खाणीचे, धरणाच्या बांधकामाचे, पवनचक्कीचे, आणि प्लॉट विकायला डोंगरावर जेसीबी फिरवून 'व्ह्यू'पर्यंत नेलेले. दुसऱ्या गठ्ठ्यातले जे रस्ते कोणत्याच वाडीला जात नाहीत, ते मोडायला काय हरकत आहे? पहिल्या गठ्ठ्यातले मोडायचे नाहीत, पण ते बांधायची पद्धत बदलायची. काढलेली माती उतारावर न ढकलता वाहून नेणं, दर थोड्या अंतरावर पाणी बाहेर काढणं, ओढ्यावर बारीक पाइपाऐवजी ओढ्याच्या रुंदीची मोरी, आणि तिचा तळ ओढ्याच्या तळाइतकाच. यानं खर्च वाढतो, खरं आहे. पण दर पावसाळ्यानंतर तोच भराव पुन्हा टाकायचा खर्चही कुठल्यातरी खात्यातून जातोच. माळशेजला दरवर्षी दरडी काढायला जेसीबी उभे असतात, तेही फुकट नाहीत.

याच जुन्नरात नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळातला, कल्याणच्या बंदराकडून येणारा माल वर आणणारा, सुमारे दोन हजार वर्षं जुना रस्ता. माणसं आणि जनावरं चढतील इतकाच अरुंद, दगडानं बांधलेला, आणि अजून चालता येतो. पातं नेणाऱ्या ट्रेलरची तुलना बैलाशी करणं अन्यायाचं आहे, मान्य. पण गरजेइतकीच रुंदी ठेवायचं शहाणपण त्यात आहे.

दोन गठ्ठे कोणी करायचे, याला कायद्यात उत्तर आहे, आणि ते आपल्या बाजूचं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार वाडीच्या रस्त्यासारख्या सुविधेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडता, देता येते आणि त्याला ग्रामसभेची शिफारस लागते. पाच मीटर रुंदीचा रस्ता धरला तर एक हेक्टर म्हणजे दोन किलोमीटर. डोंगर कापायची जागा धरली तर त्याहून कमी. याच कायद्याचं कलम ५ पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला देतं. म्हणजे रस्ता मागणारी आणि ओढा राखणारी संस्था एकच आहे. ठराव करताना 'रस्ता पाहिजे' या ओळीखाली 'माती कुठे टाकणार आणि मोऱ्या किती, कशा' ही दुसरी ओळ लिहिली तर ठेकेदाराला तिचं उत्तर द्यावं लागेल. आज बहुतेक ठरावांत पहिलीच ओळ असते.

दुसऱ्या ओळीसाठी माहिती लागते, आणि ती कोणाकडेच एकत्र नाही. किती मोऱ्या आहेत, किती तुंबलेल्या, किती पाइप हवेत लटकतायत, कोणता रस्ता कुठेच जात नाही. भूगोल, प्राणिशास्त्र किंवा सिव्हिलच्या विद्यार्थ्यांना प्रोजेक्टला विषय मिळत नाही अशी तक्रार दर सप्टेंबरला असते. टेप, मोबाइलमधलं जीपीएस आणि काचेच्या बाटलीत भरलेलं ओढ्याचं पाणी एवढ्यावर हे काम सुरू होतं. बाटली रात्रभर टेबलावर ठेवायची आणि सकाळी तळाशी किती गाळ बसला ते मोजायचं. मोरीच्या वरचं पाणी एका बाटलीत, खालचं दुसऱ्या.